उष्णताप्रेमी एसआरबी: झऱ्यातल्या गाळापासून नावापर्यंत, क्रम न चुकवता

बाटली काळी झाली की वहीत ‘एसआरबी मिळाले’, म्हणजे सल्फेटचे सल्फाइड करणारे जीवाणू मिळाले, अशी नोंद होते. मग १६एस आरआरएनए या जीवाणू ओळखण्याच्या जनुकाचे सिक्वेन्सिंग होते आणि डेटाबेसमध्ये सर्वांत वर आलेले नाव प्रबंधात जाते. या वाटेने गेलेल्यांची गाडी परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला अडते: सल्फेटचेच क्षपण झाले हे कशावरून? उत्तर द्यायला ना सल्फेटविना ठेवलेली बाटली असते, ना सल्फाइडचे आकडे.

सल्फेट-क्षपणक जीवाणूंच्या, म्हणजे एसआरबींच्या अभ्यासात नाव सर्वांत शेवटी येते. त्याआधी जागा, माध्यम, कंट्रोल (तुलनेसाठीच्या बाटल्या), शुद्धता, मोजमाप आणि जनुके, याच क्रमाने. खालची पद्धत ४५ ते ७५ अंश सेल्सिअसला वाढणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला कोकणातले गरम पाण्याचे झरे घेतले आहेत. तानसा खोऱ्यातल्या वज्रेश्वरी–गणेशपुरी–अकलोलीपासून संगमेश्वरजवळच्या तुरळपर्यंत आणि सुमारे ७० अंशांच्या उन्हवऱ्यापर्यंत वेगवेगळ्या तापमानाची ठिकाणे इथे एका पट्ट्यात मिळतात.

१. जागा निवडणे आणि नमुना घेणे

आधी परवानगी. बहुतेक कुंडे देवस्थानाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात आणि तिथे लोक अंघोळ करतात. त्यामुळे आंघोळीच्या कुंडातून नमुना घेऊ नका. साबण, तेल आणि माणसांच्या अंगावरचे जीवाणू त्यात आलेच. पाणी जिथून उगवते ती फट किंवा कुंडात पोहोचण्याआधीचा ओहोळ शोधा.

पाण्यापेक्षा गाळ महत्त्वाचा. वरचा तपकिरी थर बाजूला केल्यावर खाली काळपट थर दिसला तर तो घ्या. तापमान नेमके त्याच ठिकाणी, प्रोब गाळात खुपसून मोजा. उगमापासून हातभर अंतरावर तापमान बरेच उतरलेले असू शकते आणि पुढे इन्क्युबेटर कितीवर लावायचा हे याच आकड्यावर ठरते. सामू जागेवरच मोजा. बाटलीतल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला की तो चढतो.

नमुन्याचे तीन भाग करा. पहिला कल्चरसाठी: काचेची बाटली काठोकाठ भरून ब्युटाइल रबराच्या बुचाने बंद केलेली. दुसरा डीएनएसाठी: जागेवरच गोठवलेला किंवा संरक्षक द्रावात बुडवलेला. तिसरा रसायनांसाठी: सल्फाइड मोजायचे पाणी आधीच झिंक ॲसिटेट घातलेल्या कुपीत थेट ओता. सल्फेटसाठीचे पाणी वेगळे गाळून घ्या. झऱ्यात सल्फेट किती आहे हे ठाऊक नसताना तिथल्या सल्फेट-क्षपणाबद्दल काहीही लिहिता येत नाही.

सावधान: गरम पाण्याने भरलेली बाटली गार होताना आतले पाणी आकसते आणि बूच सैल असेल तर हवा आत ओढली जाते. पाण्याची प्लास्टिकची बाटली तर नकोच. ती ऑक्सिजन झिरपू देते आणि गरम पाण्याने मऊ पडते. कल्चरचा नमुना बर्फात ठेवण्याची गरज नाही. हवा लागू न देणे हे गार ठेवण्यापेक्षा महत्त्वाचे.

२. माध्यम बनवणे

निम्मे अपयश इथेच जन्माला येते, म्हणून इथे घाई करू नका. गोड्या पाण्यासाठी जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विडेल यांच्या पद्धतीचे माध्यम चांगले चालते. एक लिटरला सोडियम सल्फेट ४ ग्रॅम (सुमारे २८ मिलिमोलर), सोडियम क्लोराइड १ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.५ ग्रॅम, सजल मॅग्नेशियम क्लोराइड ०.४ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड ०.२५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२ ग्रॅम, सजल कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम आणि किंचित रेझाझुरिन (ऑक्सिजन आहे का हे दाखवणारा रंग), १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. झऱ्याचे पाणी खारट असेल तर मीठ त्या प्रमाणात वाढवा.

क्रम असा ठेवा:

१) क्षार विरघळवून पाणी उकळा. नायट्रोजन–कार्बन डायऑक्साइडच्या ८०:२० मिश्रणाच्या प्रवाहाखाली गार करा आणि त्याच वायूखाली ऑटोक्लेव्ह करा.

२) गार झाल्यावर वेगळे निर्जंतुक केलेले सोडियम बायकार्बोनेट घाला, सुमारे ३० मिलिमोलर.

३) सूक्ष्म धातूंचे द्रावण, सेलेनाइट–टंगस्टेट आणि गाळून निर्जंतुक केलेली जीवनसत्त्वे घाला.

४) सर्वांत शेवटी सोडियम सल्फाइड १ मिलिमोलर. सामू ७.० ते ७.२ वर आणा.

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे बायकार्बोनेट आधीच घालून उघड्या फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्ह करणे. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू ९ च्या दिशेने सरकतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पांढरा साका होऊन बसतात. बाहेरून माध्यम ठीक दिसते, वाढ मात्र होत नाही आणि दोष बिचाऱ्या जीवाणूंवर जातो.

दुसरी चूक लोहाची. सल्फाइड लोहाशी मिळून काळा साका होतो. तो काळा रंग हवा म्हणून फेरस सल्फेट घालायचे आणि त्याच बाटलीत क्षपणासाठी सोडियम सल्फाइडही! मग इनॉक्युलेट करण्याआधीच, म्हणजे नमुना घालण्याआधीच, माध्यम काळे पडते. लोह घातलेल्या माध्यमाच्या नळ्या वेगळ्या ठेवा आणि त्यांत ॲस्कॉर्बेट व थायोग्लायकोलेट प्रत्येकी लिटरला ०.१ ग्रॅम वापरा. तिथे सिस्टीन टाळा. कित्येक साधे किण्वक जीवाणू सिस्टीन फोडूनही सल्फाइड सोडतात.

तपासा: रेझाझुरिन निळ्याचे गुलाबी झाले म्हणजे ऑक्सिजन गेला असे नव्हे. गुलाबीही जाऊन माध्यम रंगहीन झाले पाहिजे. इनॉक्युलेट न केलेल्या दोन बाटल्या रात्रभर कामाच्या तापमानाला ठेवा. सकाळी त्या पुन्हा गुलाबी दिसल्या तर बूच गळते आहे किंवा सिलिंडरमधला वायू पुरेसा शुद्ध नाही. साधा औद्योगिक नायट्रोजन तापवलेल्या तांब्याच्या नळीतून नेल्याशिवाय वापरू नका.

सावधान: २५ अंशांना बंद केलेली बाटली ६५ अंशांना गेली की वायूच्या प्रसरणाने आणि पाण्याच्या वाफेने आतला दाब सुमारे ३५ किलोपास्कलने वाढतो. तडा गेलेली काच वापरू नका, ॲल्युमिनियमची पट्टी नीट आवळा आणि इन्क्युबेटर उघडताना चष्मा घाला.

३. एनरिचमेंट (हव्या जीवाणूंची संख्या वाढवणे): एका नमुन्यामागे एक बाटली पुरत नाही

आधी इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ निवडा, कारण तो वापरणाराच बाटलीत पुढे येतो. लॅक्टेटवर भराभर वाढणारे, बहुधा बीजाणू धरणारे, बाजी मारतात. आयुष्यभर फक्त लॅक्टेटच वापरले तर आयुष्यभर तीच मंडळी भेटतील. म्हणून निदान तीन मालिका करा: लॅक्टेट, ॲसिटेट, आणि हायड्रोजन–कार्बन डायऑक्साइड (त्यात २ मिलिमोलर ॲसिटेट). मूळ जागेचे तापमान, त्याच्या १० अंश खाली आणि ५ अंश वर, अशी तीन तापमाने ठेवा.

प्रत्येक मालिकेत कंट्रोल हवेत. पूर्ण माध्यम अधिक नमुना ही मुख्य बाटली. तिच्याबरोबर सल्फेटविना एक, इलेक्ट्रॉनदात्याविना एक, नमुन्याविना एक आणि २० मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट घातलेली एक. मॉलिब्डेट सल्फेटच्या वाटेत पहिल्याच पायरीवर आडवे येते. त्या बाटलीतही सल्फाइड वाढत राहिले तर ते बहुधा सल्फेटमधून येत नाही.

सल्फेटविना बाटली खरोखरच सल्फेटविना असते का, हे एकदा बघाच. सूक्ष्म धातूंच्या द्रावणातले झिंक सल्फेट, मँगनीज सल्फेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, आणि मुख्य म्हणजे झऱ्याच्या गाळासोबत आलेले पाणी, या सगळ्यांतून सल्फेट आत शिरते. धातूंसाठी क्लोराइड क्षार वापरा आणि या कंट्रोलचा निवाडा पहिल्या बाटलीवर करू नका. तिसऱ्या सबकल्चरला, म्हणजे ताज्या माध्यमात तिसऱ्यांदा वाढवल्यावर, करा.

काळ्या रंगाचा अर्थ एवढाच, की सल्फाइड तयार झाले. ते थायोसल्फेट, सल्फाइट, गंधक किंवा सिस्टीनमधूनही येऊ शकते. गरम झऱ्यांमधले थर्मोॲनिरोबॅक्टरसारखे किण्वक थायोसल्फेटवर ही किमया सहज करतात.

सावधान: बीजाणू निवडण्यासाठी ८० अंशांना २० मिनिटे तापवण्याची सवय मध्यम तापमानाच्या कामातून आली आहे. बीजाणू न धरणारा थर्मोडिसल्फोबॅक्टीरियम कम्यून हा एसआरबी स्वतःच ७० अंशांना उत्तम वाढतो आणि त्याहून बऱ्याच वरपर्यंत तगतो. ८० अंशांतून वाचला म्हणजे बीजाणूधारी, हा निष्कर्ष इथे चालत नाही. १०० अंशांना १५ मिनिटे तापवा आणि फेज कॉन्ट्रास्टखाली चकाकणारे बीजाणू डोळ्यांनी पाहा.

याच्या उलटही घडते. डिसल्फोटोमॅक्युलम या बीजाणूधारी एसआरबींच्या गटातले उष्णताप्रेमींचे काही बीजाणू ऑटोक्लेव्हमधूनही जिवंत निघतात. ‘मारलेल्या’ कंट्रोलमध्ये वाढ दिसली तर लगेच हाताच्या सफाईला दोष देऊ नका. गाळ दिवसाआड तीनदा ऑटोक्लेव्ह करा आणि तरीही नमुन्याविना ठेवलेली बाटली सोडू नका.

आणखी एक गोष्ट प्रबंधांतून सर्रास सुटते. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या जवळजवळ गोठणबिंदूवर असलेल्या समुद्रतळातही ५० अंशांना उगवणारे सल्फेट-क्षपणकांचे बीजाणू मिळाले आहेत. ते तिथे वाढत नाहीत, पडून असतात. म्हणून वज्रेश्वरीच्या गाळातून बीजाणूधारी मिळाला म्हणजे तो तिथे काम करतो आहे, असे होत नाही. तसे म्हणायचे असेल तर जागेवरच्या सल्फेट-क्षपणाचा दर किंवा निदान आरएनए हाताशी हवा.

४. एकटे पाडणे आणि शुद्धता पारखणे

तीन-चार सबकल्चरनंतर, सल्फेट असलेल्या आणि नसलेल्या बाटल्यांतला फरक स्पष्ट दिसू लागला की मगच इथे या. ५ ते १० टक्के इनॉक्युलम वापरा. आधी दहापट सौम्यीकरणाची साखळी लावा. शेवटच्या वाढलेल्या नळीतून पुन्हा तीच साखळी. हे दोनदा झाले की अगर-शेक, म्हणजे पातळ अगरमध्ये कल्चर मिसळून सुट्या वसाहती वाढवणे.

६० अंशांपर्यंत नेहमीचे अगर चालते. त्यापुढे ते पाणी सोडते, आकसते आणि वसाहती वाहून जातात. तिथे जेलन गम वापरा, पण त्याला घट्ट व्हायला मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम पुरेसे लागते हे लक्षात ठेवा. वसाहत बारीक केलेल्या पाश्चर पिपेटने, वायूच्या झोताखाली उचला.

शुद्धतेचा एकच पुरावा पुरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकच आकार दिसणे ही फक्त सुरुवात. सल्फेट न घालता ग्लुकोज व यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या माध्यमात त्याच तापमानाला ठेवा. किण्वक सोबती तिथे उफाळून येतात. हायड्रोजनच्या मालिकेत मिथेन तपासा, कारण मिथॅनोथर्मोबॅक्टर चिकट सोबती आहे. मात्र पायरूव्हेटवर सल्फेटविना वाढ दिसली तर ती भेसळच असेल असे नाही. कित्येक एसआरबी पायरूव्हेटचे किण्वन स्वतः करतात.

तपासा: ग्रॅम रंजनावर भरवसा ठेवू नका. डिसल्फोटोमॅक्युलमची भिंत ग्रॅम-पॉझिटिव्ह रचनेची असते, तरी रंग बहुधा ग्रॅम-निगेटिव्ह येतो. जुन्या पुस्तकांतली डिसल्फोविरिडिन या एसआरबींमधल्या रंगीत एन्झाइमची लाल चमकही इथे कामाची नाही. त्याऐवजी उष्णताप्रेमी डिसल्फोटोमॅक्युलममध्ये पी-५८२ आणि थर्मोडिसल्फोबॅक्टीरियममध्ये डिसल्फोफ्युसिडिन असते. चाचणी नकारात्मक आली म्हणून कल्चर फेकून दिलेले लोक आहेत!

५. मोजमाप: हिशेब जुळला पाहिजे

प्रत्येक इलेक्ट्रॉनदात्यासाठी किती सल्फेट गेले आणि किती सल्फाइड आले, हे मोजा. आकडे आधी कागदावर काढा. १० मिलिमोलर लॅक्टेट अर्धवट ऑक्सिडीकरणाने गेले तर १० मिलिमोलर ॲसिटेट आणि ५ मिलिमोलर सल्फाइड मिळते. पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर ॲसिटेट उरत नाही आणि सल्फाइड १५ मिलिमोलरपर्यंत जाते. या एका प्रयोगाने वर्गीकरणातला मोठा प्रश्न सुटतो: डिसल्फोटोमॅक्युलम निग्रिफिकन्स अर्धवट करणारा, डिसल्फोफंड्युलस कुझ्नेत्सोवी पूर्ण करणारा. लॅक्टेट मुद्दाम कमी ठेवा, कारण सल्फाइड साचले की ते त्यांनाच मारक ठरते.

सल्फाइडसाठी मिथिलीन ब्लू पद्धतीने ६७० नॅनोमीटरला किंवा झटपट हवे तर कॉपर सल्फेटने ४८० नॅनोमीटरला वाचन घ्या. सामू ७ च्या आसपास जवळपास निम्मे सल्फाइड हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात असते, त्यातले बरेच बाटलीच्या रिकाम्या जागेत. गरम बाटलीतून सिरिंजने फक्त द्रव काढला तर आकडा कमीच येणार. वायूचाही नमुना घ्या आणि दोन्ही थेट झिंक ॲसिटेटमध्ये सोडा. सल्फेट मोजण्याआधी झिंक सल्फाइडचा साका वेगळा करा, नाहीतर हवेत सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होऊन हिशेब बिघडतो.

तापमानाचा आलेख ५ अंशांच्या टप्प्याने काढा. थर्मामीटर पाण्याने भरलेल्या बाटलीत ठेवा. ७० अंशांना इन्क्युबेटरच्या दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळ वेगवेगळे तापमान असते. सामूही शक्यतो कामाच्या तापमानालाच मोजा.

सावधान: सल्फाइड असलेल्या कल्चरमध्ये आम्ल ओतू नका, टाकाऊ बादलीतसुद्धा नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या पुढे नाकाला कळेनासा होतो. ‘वास गेला’ म्हणजे धोका गेला असे समजणारा माणूस सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. फ्युम हूड आणि निचऱ्याआधी झिंक किंवा लोह क्षाराने साका पाडणे, यात सवलत नाही.

६. जनुके: एकाच जनुकाचे ऐकू नका

१६एसची साम्यता ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता. वर असेल तर जीनोम तुलनेशिवाय बोलू नका. तिथल्या सीमारेषा: एएनआय (दोन जीनोममधले सरासरी साम्य) ९५–९६ टक्के, डिजिटल डीएनए संकरण ७० टक्के. डिसल्फोफंड्युलस कुझ्नेत्सोवीमध्ये १६एसच्या वेगवेगळ्या प्रती असून त्यांत मोठे जादा तुकडे घुसलेले आहेत. थेट सिक्वेन्सिंगचा आलेख मधूनच गढूळ झाला तर आधी भेसळीचा संशय घ्या, पण ही शक्यताही तपासा. प्रती क्लोन करून वेगळ्या वाचा किंवा सरळ जीनोम करा.

खरा घोळ डीएसआर-एबी जनुकांत होतो. हे जनुक सल्फेट-क्षपणाच्या अखेरच्या पायरीचे, म्हणून अनेक जण त्याच्या वृक्षावरूनच वर्ग ठरवतात. पण उष्णताप्रेमी डिसल्फोटोमॅक्युलम गटातल्या काहींनी हे जनुक पूर्वी डेल्टाप्रोटिओबॅक्टीरिया म्हटल्या जाणाऱ्यांकडून आडव्या वाटेने, म्हणजे पूर्वजांकडून नव्हे तर परक्यांकडून, घेतले आहे. थर्मोडिसल्फोबॅक्टीरियमचेही असेच. ८३ अंशांना वाढणाऱ्या आर्किओग्लोबसकडे तर ते जीवाणूंकडून आले आणि तो मुळात आर्किया, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या शाखेतला, आहे. म्हणून डीएसआर-एबीचा वृक्ष ‘काय करतो’ हे सांगतो, ‘कोणाचा आहे’ हे नाही. उलट पेलोटोमॅक्युलमसारख्या काहींकडे हे जनुक असूनही ते सल्फेट वापरत नाहीत. गंधकाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्यांकडेही त्याचे उलट्या दिशेने चालणारे रूप असते.

तपासा: सल्फेट-क्षपणाच्या वाटेतली सॅट, एपीआर-एबी, डीएसआर-एबी आणि डीएसआर-सी ही चारही जनुके जीनोममध्ये आहेत का? असली तरी पायरी ५ चे आकडे नसतील तर ‘क्षमता असावी’ एवढेच लिहा.

७. आता नाव

कोकणातल्या झऱ्यांच्या तापमानात भेटण्याजोगे गट मोजकेच. बॅसिलोटा संघातले बीजाणूधारी: डिसल्फोटोमॅक्युलम निग्रिफिकन्स (५५ अंशांच्या आसपास) आणि डिसल्फोफंड्युलस (६० ते ६५). हा दुसरा वंश २०१८ साली वेगळा काढला गेला. त्याआधीच्या लेखांत हीच मंडळी डिसल्फोटोमॅक्युलम म्हणून सापडतील, ती वेगळी समजून यादी लांबवू नका. वक्र आकाराचा थर्मोडिसल्फोव्हिब्रिओ यलोस्टोनी (६५) नायट्रोस्पायरोटात. बारीक दंडाकार थर्मोडिसल्फोबॅक्टीरियम (७०) थर्मोडिसल्फोबॅक्टीरिओटात. सामू ६ च्या खाली वाढ मिळाली तर जपानच्या नारुगो झऱ्यातून २००३ साली नोंदलेल्या थर्मोडिसल्फोबियमशी तुलना करा. थर्मोडिसल्फाटेटर इंडिकस नावाने जवळचा वाटला तरी तो मध्य हिंद महासागरी रांगेवरच्या समुद्रतळातल्या गरम विवरांचा रहिवासी आहे. झऱ्यात तो ‘मिळाला’ तर आधी आपले सिक्वेन्स पुन्हा पाहा.

डेल्टाप्रोटिओबॅक्टीरिया हा वर्ग मोडला गेला आहे. तेच जीवाणू एका डेटाबेसमध्ये डिसल्फोबॅक्टीरोटा आणि दुसऱ्यात थर्मोडिसल्फोबॅक्टीरिओटा या संघात दिसतात. कोणता डेटाबेस आणि कोणती आवृत्ती वापरली ते लिहा, आणि वैध नाव एलपीएसएन या जीवाणूंच्या नावांच्या यादीवर पाहूनच टाका.

८. साठवण आणि जमा करणे

शुद्ध झाल्याच्या दिवशीच १० ते १५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, हवा लागू न देता, उणे ८० अंशांना निदान पाच कुप्या ठेवा. महिनाभराने एक उघडून वाढवून बघा. बीजाणूधारी असेल तर ४ अंशांना बंद नळीतही तो बराच काळ टिकतो. बाकीच्यांबाबत अशी आशा धरू नका.

नव्या प्रजातीचे नाव वैध व्हायचे तर टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या प्रजातीचे प्रमाण कल्चर, दोन वेगवेगळ्या देशांतल्या सूक्ष्मजीव-संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्याकडे पुण्याचे एनसीएमआर किंवा चंदीगडचे एमटीसीसी, बाहेर जर्मनीचे डीएसएमझेड किंवा जपानचे जेसीएम. परदेशी पाठवण्याचा प्रश्न जैवविविधता कायदा, २००२ च्या कक्षेत येतो. त्यासाठीची कागदपत्रे शोधनिबंध लिहायला घेण्याआधीच सुरू करा, आणि संग्रहाला पाठवायच्या नळीसोबत माध्यमाची पूर्ण कृती, वाढीचे तापमान आणि दृश्य वाढ दिसायला लागणारे दिवस लिहून द्या. यातला शेवटचा आकडा नसला की तिकडे तिसऱ्या दिवशीच ‘वाढ नाही’ असा शेरा पडतो.